लोकप्रियतेची भरती-ओहोटी : यशवंतराव चव्हाण यांचे जीवन

आमच्या वऱ्हाडातील पूर्णा नदी उन्हाळ्यात पायी ओलांडता येते आणि श्रावणात तीच नदी काठावरची शेते पोटात घेते. पुढाऱ्यांच्या लोकप्रियतेचेही असेच आहे. देशावर संकट आले की एखाद्या नेत्याच्या नावाचा जयघोष गावोगाव होऊ लागतो. संकट ओसरले, चार-सहा वर्षे गेली, की त्याच नेत्याच्या सभेला माणसे जमवावी लागतात. कालपर्यंत ज्याच्यावर टीका होत होती त्याच्या गळ्यात हार पडतात आणि ज्याच्या गळ्यात हार होते त्याला राजीनामा द्यावा लागतो. असे का होते, आणि या भरती-ओहोटीत खरा माणूस ओळखायचा कसा, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही विचारात घेण्याजोगा आहे.

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकी व्याख्येपेक्षा एखाद्या चरित्रातून चांगले समजते. त्यासाठी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्याइतके योग्य चरित्र दुसरे सापडणे कठीण. एकाच आयुष्यात त्यांनी लोकांचा राग पाहिला, अलोट प्रेम पाहिले, सत्तेच्या अगदी जवळची पायरी पाहिली आणि शेवटी दिल्लीतील एकाकीपणही पाहिले. या प्रत्येक वळणाच्या मुळाशी एक-एक संकट होते.

बालपण आणि शिक्षण

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या खेड्यात, आजोळी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते. यशवंतराव अगदी लहान असतानाच प्लेगच्या साथीने वडिलांना नेले. आई विठाबाई निरक्षर होत्या. घरात शेतीचे मोठे उत्पन्न नव्हते, पाठीशी कोणी वजनदार नातेवाईक नव्हता. तरीही मुलांनी शिकलेच पाहिजे हा त्या माउलीचा निर्धार होता आणि तो तिने शेवटपर्यंत सोडला नाही. आज आपल्या समाजात ज्या माता स्वतः शाळेची पायरी न चढता मुलींची फी वेळेवर भरतात, त्यांनी ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच त्यांनी स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेतली. १९३२ साली त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात त्यांनी वेळ वाया घालवला नाही. तेथे विद्वान सत्याग्रहींची संगत मिळाली, वाचनाची गोडी लागली आणि विचार करण्याची शिस्त आली. सुटून आल्यावर त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ साली बी.ए. झाले आणि पुण्याहून १९४१ साली वकिलीची पदवी घेतली. तुरुंगवासामुळे मॅट्रिक उशिरा झाली तरी पदवी सुटली नाही. एक-दोन वर्षे मागे पडलेल्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१९४२ च्या जून महिन्यात फलटणच्या वेणूताईंशी त्यांचा विवाह झाला आणि दोनच महिन्यांत ‘चले जाव’ चळवळ सुरू झाली. यशवंतराव भूमिगत झाले. वेणूताईंनाही अटक सोसावी लागली आणि त्यांची प्रकृती कायमची खालावली. १९४६ च्या निवडणुकीत ते मुंबई विधानसभेवर निवडून आले व संसदीय चिटणीस झाले. १९५२ नंतर मंत्री झाले. इथपर्यंतचा प्रवास हा एका कष्टाळू, अभ्यासू कार्यकर्त्याचा प्रवास होता. परीक्षेची वेळ पुढे होती.

पहिले संकट : राज्य मराठी माणसाचे, पण कोणते?

१९५५-५६ साली राज्यांच्या पुनर्रचनेचा प्रश्न देशभर पेटला. फाजल अली आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते आणि उरलेल्या मराठी भागासाठी गुजरातसह द्विभाषिक राज्याची शिफारस केली होती. पश्चिम महाराष्ट्राला मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा होता. आमच्या वऱ्हाडात मते विभागलेली होती. ८ ऑगस्ट १९४७ रोजी खुद्द अकोल्यात दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी करार केला होता आणि २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला होता. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी वेगळ्या विदर्भाच्या बाजूने होते. अनेकांच्या मनात भीती होती, की मुंबई-पुण्याच्या राज्यात कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडाला कोण विचारणार?

अशा वातावरणात १९५५ च्या डिसेंबरमध्ये यशवंतरावांनी फलटण येथे आपली भूमिका जाहीर केली. संयुक्त महाराष्ट्र की पंडित नेहरूंचे नेतृत्व, अशी निवड करण्याची पाळी आली तर आपण नेहरूंच्या बाजूला राहू, असा तिचा आशय होता. या एका भूमिकेने ते लोकांच्या मनातून उतरले. मुंबईत गोळीबार झाले, चळवळीत शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली आणि प्रत्येक मृत्यूबरोबर काँग्रेसच्या मराठी पुढाऱ्यांविषयीचा राग वाढत गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा हे वऱ्हाडचे चार जिल्हे आणि नागपूरकडील चार जिल्हे जुन्या मध्य प्रदेशातून या राज्यात आले. मुख्यमंत्रिपदी यशवंतराव बसले, तेव्हा त्यांचे वय ४३ वर्षांचे होते.

१९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला जवळजवळ झिडकारले. स्वतः यशवंतराव कऱ्हाडमधून थोडक्या मतांनी निवडून आले. त्यांचे सरकार टिकले ते गुजरात, मराठवाडा आणि विदर्भातील जागांवर. म्हणजे ज्या वऱ्हाडाला आपली उपेक्षा होईल अशी धास्ती होती, त्याच वऱ्हाडातील मतपेट्यांनी यशवंतरावांना त्यांच्या पडत्या काळात आधार दिला. ही गोष्ट आमच्या नव्या पिढीला फारशी ठाऊक नाही.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते व्हायचे होते. संयुक्त महाराष्ट्र समितीने प्रचंड निदर्शने केली. हजारो माणसे काळी निशाणे घेऊन रस्त्यावर उभी होती. एका गोळीने सारे रान पेटले असते. यशवंतरावांनी संयम राखला, विरोधकांनीही राखला आणि दिवस शांततेने पार पडला. त्या दिवशी नेहरूंनी मराठी जनतेचे मन डोळ्यांनी पाहिले. दिल्लीला हे पटवून देण्याचे पुढचे काम यशवंतरावांनी गाजावाजा न करता केले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्माला आले आणि कालपर्यंत ज्यांचा निषेध होत होता तेच यशवंतराव मंगल कलश आणणारे म्हणून गौरवले गेले. १९६२ च्या निवडणुकीत राज्यातील २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या. पाच वर्षांत वारे पूर्ण फिरले होते.

शांत दिवसांतील काम

वारे फिरले ते केवळ राज्य मिळाले म्हणून फिरले, असे समजणे अपुरे होईल. या काळात यशवंतरावांनी जे काम केले ते पाहिले पाहिजे. ग. त्र्यं. माडखोलकरांनी हे राज्य मराठ्यांचे होणार की मराठी माणसांचे, असा रोखठोक प्रश्न त्यांना विचारला होता. हे राज्य एका जातीचे नसून सर्व मराठी जनतेचे असेल, असा निर्वाळा त्यांनी दिला. मराठी बोलणारा मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती, आदिवासी हे सर्व त्या शब्दांत सामावले होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांना दिलेली फी माफी. १९५९ साली सुरू झालेली ही सवलत आजही जुन्या लोकांच्या तोंडी ‘ई.बी.सी.’ म्हणून आहे. तिची अट जातीची अथवा धर्माची नव्हती, वार्षिक उत्पन्नाची होती. त्यामुळे ज्यांचे नाव कोणत्याही मागास यादीत नव्हते अशा गरीब घरांतील मुलांना प्रथमच हायस्कूल-कॉलेजचा दरवाजा उघडला. आपल्या समाजातील विणकर, जिनिंग कामगार, हातगाडीवाले, बिडी कामगार यांच्या घरातून जी पहिली मॅट्रिक झालेली पिढी निघाली, तिच्यापैकी अनेकांच्या शाळेच्या दाखल्याबरोबर ई.बी.सी.चा फॉर्म जोडलेला होता. माझ्या वडिलांच्या पिढीतील शिक्षकांशी बोलले तर याची खात्री पटते.

औरंगाबादला १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आणि कोल्हापूरला १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या आणि १ मे १९६२ पासून हा कारभार सुरू झाला. गावातील माणूस जिल्ह्याच्या खुर्चीवर बसू लागला. ही कामे वर्तमानपत्राच्या मथळ्यात फार दिवस राहत नाहीत, पण घराघरांत पोहोचतात.

दुसरे संकट : हिमालयावरील युद्ध

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने मोठा हल्ला चढवला. महिनाभरात नेफा आणि लडाखमधून धक्कादायक बातम्या येऊ लागल्या. जवानांकडे थंडीचे पुरेसे कपडे नाहीत, बंदुका जुन्या आहेत, हे लोकांना कळले तेव्हा देश हळहळला आणि संतापला. बायाबापड्यांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीत दिले. शाळेतल्या मुलांनी खाऊचे पैसे दिले.

या संतापाचा पहिला तडाखा संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना बसला. याच मेननना त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत उत्तर मुंबईच्या मतदारांनी आचार्य कृपलानींसारख्या बड्या उमेदवाराविरुद्ध फार मोठ्या बहुमताने निवडून दिले होते. नऊ महिन्यांच्या आत, ७ नोव्हेंबरला, त्यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले. १९६७ साली ते मुंबईतून अपक्ष उभे राहिले तेव्हा पराभूत झाले आणि त्याच वर्षी पोटनिवडणुकीत पुन्हा पराभूत झाले. मेनन यांच्या हातून मोठ्या चुका झाल्या यात शंका नाही. पण संरक्षण सामग्री देशातच तयार व्हावी हा त्यांचा आग्रह योग्य होता आणि सैनिकी शाळांची कल्पनाही त्यांचीच होती. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली. संकटाच्या वेळी लोकांना एक अपराधी हवा असतो आणि तो सापडला की त्याचे चांगले कामही त्याच्याबरोबर बुडते.

मेनन यांच्या रिकाम्या जागी नेहरूंनी यशवंतरावांना बोलावले. २१ नोव्हेंबरला त्यांनी पदभार घेतला आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, ही भावना त्या वेळी साऱ्या महाराष्ट्रात होती. मुंबईने त्यांना ज्या प्रेमाने निरोप दिला तो पाहून पाच वर्षांपूर्वीची काळी निशाणे कोणाला आठवलीही नसतील. १९६३ साली नाशिकमधून ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. बिनविरोध निवड म्हणजे विरोधी पक्षांनीही दिलेली पसंतीची पावती होती.

यशवंतराव दिल्लीला गेले त्याचा एक परिणाम आमच्या भागाने पाहिला. त्यांच्या जागी मुख्यमंत्री झाले ते चांद्याचे मारोतराव कन्नमवार. वर्षभरातच कन्नमवार वारले आणि डिसेंबर १९६३ मध्ये पुसदचे वसंतराव नाईक आले. ते १९७५ पर्यंत राहिले. ज्या वऱ्हाडाला आपण कोपऱ्यात पडू असे वाटत होते, त्याचा सुपुत्र सलग ११ वर्षांहून अधिक काळ राज्याचा कारभार पाहत होता. तथापि नागपूर कराराने दिलेली आश्वासने कितपत पाळली गेली, सिंचनाचा अनुशेष का राहिला, हे प्रश्न मात्र सुटले नाहीत. १९८३ साली दांडेकर समिती नेमावी लागली, ती याच तक्रारींमुळे. म्हणून आमच्याकडे यशवंतरावांविषयी आदर आहे, पण त्या आदराला हिशेबाची वहीही जोडलेली आहे. ते योग्यच आहे.

त्याच १९६२ च्या संकटाने पंडित नेहरूंचीही लोकप्रियता झाकोळली. १९६३ च्या पोटनिवडणुकांत कृपलानी, लोहिया आणि मिनू मसानी हे त्यांचे तीन कट्टर टीकाकार लोकसभेत पोहोचले. ऑगस्ट १९६३ मध्ये त्यांच्या सरकारविरुद्ध पहिला अविश्वासाचा ठराव आला. तो फेटाळला गेला, परंतु पूर्वीचे नेहरू राहिले नव्हते. एकाच युद्धाने एक संरक्षणमंत्री बुडाला, एका पंतप्रधानाचे तेज कमी झाले आणि एका मुख्यमंत्र्याचे नाव देशभर झाले.

परंतु नाव होणे आणि काम करणे यांत अंतर असते. यशवंतरावांनी सैन्यातील अधिकाऱ्यांचा विश्वास मिळवला. पराभवाची चौकशी झाली, तिचे निष्कर्ष त्यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये संसदेपुढे मांडले आणि त्यातून कोणा एका व्यक्तीची शिकार होऊ दिली नाही. १९६४ साली पाच वर्षांची संरक्षण योजना तयार झाली. सैन्यबळ सव्वाआठ लाखांपर्यंत नेण्याचे, डोंगराळ मुलखात लढणाऱ्या खास तुकड्या उभारण्याचे व विमानदल आधुनिक करण्याचे काम सुरू झाले.

या तयारीची परीक्षा १९६५ साली झाली. १ सप्टेंबरला छांब भागात पाकिस्तानचे रणगाडे पुढे सरकले. भूदल व वायुदलाचे प्रमुख यशवंतरावांकडे आले आणि विमाने वापरण्याची परवानगी त्यांनी काही मिनिटांत दिली. फायलींचा प्रवास झाला नाही. याच युद्धात १० सप्टेंबर रोजी खेमकरण भागात हवालदार अब्दुल हमीद यांनी शत्रूचे रणगाडे उद्ध्वस्त करताना प्राण दिले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. उत्तर प्रदेशातील एका शिंपीकाम करणाऱ्या गरीब घरातील हा मुलगा होता. त्याचे नाव आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असले पाहिजे. निष्ठेचा पुरावा भाषणांतून मागणाऱ्यांना त्याने आपल्या कर्तव्यातून उत्तर दिले.

युद्धानंतर लालबहादूर शास्त्री यांची लोकप्रियता शिखरावर गेली. एक वर्षापूर्वी याच शास्त्रीजींना लहानखुरे, मवाळ म्हणून हिणवले जात होते आणि धान्यटंचाईबद्दल दोष दिला जात होता. ताश्कंदला करार झाला आणि ११ जानेवारी १९६६ च्या पहाटे त्यांचे निधन झाले. यशवंतराव त्या वेळी ताश्कंदमध्येच होते. पुढचा पंतप्रधान कोण, या चर्चेत त्यांचेही नाव होते. त्यांनी इंदिरा गांधींना पाठिंबा दिला.

ओहोटी

नोव्हेंबर १९६६ मध्ये ते गृहमंत्री झाले. संस्थानिकांचे तनखे बंद करण्याच्या धोरणात त्यांचा वाटा मोठा होता. १९६८ साली श्रीनगरला राष्ट्रीय एकात्मता परिषदेची बैठकही झाली. पण याच काळात १९६७ साली रांची, १९६९ साली अहमदाबाद आणि मे १९७० मध्ये भिवंडी येथे भीषण दंगली झाल्या. कायदा व सुव्यवस्था हा राज्यांचा विषय असतो हे खरे, तरी देशाच्या गृहमंत्र्याला जाब विचारला जातोच. भिवंडी, जळगाव व महाडच्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. सर्व मराठी माणसांचे राज्य, हा शब्द ज्यांनी दिला होता त्यांच्याकडून आपल्या समाजाची अपेक्षा अधिक होती आणि म्हणून निराशाही अधिक झाली. चरित्र सांगताना ही पाने गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीवरून काँग्रेस फुटण्याच्या बेतात आली. बंगलोरला यशवंतरावांनी संजीव रेड्डी यांच्या बाजूने मत दिले आणि पक्ष फुटला तेव्हा ते इंदिराजींबरोबर राहिले. दोन्ही बाजूंना वाटले की हा माणूस पुरता आपला नाही. सावधपणा हा त्यांचा गुण होता. याच गुणाने त्यांना १९५७ साली तारले होते आणि याच गुणाने १९६९ नंतर त्यांच्याबद्दल शंका निर्माण केली. १९७० साली ते अर्थमंत्री, १९७४ साली परराष्ट्रमंत्री झाले. पदे मोठी होती, मात्र लोकांच्या मनातील जागा आक्रसत होती. १९७५ साली आणीबाणी आली तेव्हा ते मंत्रिमंडळात होते व गप्प राहिले. तुरुंगात राहून विचार शिकलेल्या माणसाचे हे मौन अनेकांना बोचले.

१९७७ साली काँग्रेस हरली. यशवंतराव लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. जुलै १९७९ मध्ये त्यांनी मोरारजी देसाई सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला, सरकार पडले आणि चरणसिंगांच्या अल्पकाळच्या मंत्रिमंडळात ते उपपंतप्रधान झाले. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी त्यांच्या पक्षाला एकच मिळाली आणि ती साताऱ्याची, म्हणजे त्यांची स्वतःची होती. १९६२ मध्ये ज्याच्यासाठी सारा महाराष्ट्र रस्त्यावर आला त्याच्या पक्षामागे १९८० मध्ये एकच मतदारसंघ उरला. १९८१ साली ते इंदिराजींच्या पक्षात परतले. जुने सहकारी दुरावले होते, नव्यांना त्यांची गरज नव्हती. आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या. मूलबाळ नव्हते. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत यशवंतरावांनी जगाचा निरोप घेतला. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

यातून काय घ्यावे?

असे का घडते? संकटात माणसाला एक भक्कम खांदा हवा असतो. घर जळत असताना कोणी रेशनच्या साखरेची तक्रार करीत नाही. म्हणून युद्धाच्या वेळी लोक आपल्या लहानसहान तक्रारी बाजूला ठेवतात आणि जो समोर उभा असेल त्याच्यामागे जातात. जो नव्याने आला त्याच्या नावावर जुनी चूक नसते, म्हणून त्याला अधिक प्रेम मिळते. जो आधीपासून खुर्चीत होता त्याला दोष मिळतो. धोका टळला की महागाई, नोकरी, पाणी, शाळा हे प्रश्न पुन्हा उंबरठ्यावर येतात आणि मोजमाप बदलते. इंग्लंडच्या चर्चिल यांनी दुसरे महायुद्ध जिंकून दिले आणि १९४५ च्या जुलैमध्ये त्याच जनतेने त्यांना घरी बसवले. इंदिराजींनी १९७१ चे युद्ध जिंकले. त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आणि महागाई आली, पुढे आणीबाणी आली आणि १९७७ साली त्या स्वतःही पडल्या. १९८० साली पुन्हा निवडून आल्या. लोक कृतघ्न असतात असे म्हणून हा विषय संपवता येणार नाही. युद्ध जिंकणे आणि संसार चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्हींचा हिशेब मागण्याचा जनतेला हक्क आहे.

पालकांना माझी विनंती आहे, की घोषणा ऐकून पुढाऱ्याला डोक्यावर घेऊ नका आणि एका रागाच्या भरात त्याला पायदळीही तुडवू नका. संकट नसलेल्या दिवसांत त्याने काय केले ते विचारा. शाळा काढली का, फी कमी केली का, दवाखान्यात डॉक्टर आणला का, सर्वांना एकाच नजरेने पाहिले का? दंगलीच्या दिवशी तो कोठे होता, हेही विचारा. जो समाज हे प्रश्न विचारत नाही त्याची आठवण पुढाऱ्यांना फक्त मतदानाच्या महिन्यात होते.

विद्यार्थ्यांसाठीही या चरित्रात एक गोष्ट आहे. १९६२ च्या जयघोषापैकी आज काही उरले नाही. १९८० च्या पराभवाचेही कोणाला सोयरसुतक नाही. उरली आहे ती १९५९ ची फी माफी, जिच्यामुळे शिकलेल्या माणसांची नातवंडे आज आमच्या वर्गात बसतात. १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला यशवंतरावांचे नाव दिले गेले. परिस्थितीमुळे ज्यांची शाळा सुटली अशा हजारो स्त्री-पुरुषांना तेथे घरबसल्या पदवी घेता आली. अमरावती-अकोल्यातील कितीतरी भगिनींनी संसार सांभाळून त्याच विद्यापीठाचे अर्ज भरले आहेत. प्लेगने वडील गेलेल्या आणि निरक्षर आईने शिकवलेल्या मुलाचे याहून चांगले स्मारक कोणते असू शकेल? आपल्या संस्थेतील ज्या मुलांच्या घरी आज फीची चणचण आहे त्यांनी शाळा सोडू नये. सवलतीचे फॉर्म मुदतीच्या आत भरावेत, ते भरताना अडचण आली तर आम्हा शिक्षकांकडे यावे आणि पुढे जेव्हा आपल्या हाती काही सत्ता येईल, मग ती सरपंचाची असो की मंत्र्याची, तेव्हा पहिली सही कोणाच्या तरी शिक्षणासाठी करावी.

अल्लाह आपल्या मुलांना इल्म आणि विवेक दोन्ही देवो, एवढीच प्रार्थना.